घंगाळाची जागा

शिवांजलीच्या नवऱ्याने तिचं सामान परत पाठवलं ते उपकार म्हणून नव्हे, तिची जिरवायची म्हणून. सासरी, मुरुमला झालेल्या बैठकीत चार माणसांसमोर योगीराज म्हणाला होता, "हिच्या बापानं दिलेलं एकूणएक धाडून देतो. नळदुर्गात एक खोली घेतलीय म्हनं. त्या खुराड्यात संसार मावतो का बघूच. न्हाय मावला तर येती गपगुमान परत."

शिवांजली उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "धाडा. एक चमचा बी मागं ठिवू नका."

योगीराजने दुसऱ्यांदा हात उचलला त्या दिवशी तिने घर सोडलं होतं. पहिल्यांदा उचलला तेव्हाच का नाही सोडलं, या प्रश्नावर ती अजूनही स्वतःवर चिडते. आता ती नळदुर्गात हायवेवरच्या वजनकाट्यावर नोकरी करते. ट्रक काट्यावर चढला की वजन बघायचं आणि पावती फाडायची. राहते ती भीमाशंकर अण्णांच्या टायरच्या दुकानावर. एक खोली, तिच्यातच ओट्यापुरता आडोसा, अंग चोरून उभं राहावं एवढी न्हाणी आणि पुढे चिमूटभर गॅलरी. पण दाराची किल्ली तिच्या कमरेला असते, आणि लग्नानंतर इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच असते.

टेम्पोवाल्याने सगळं सामान जिन्यात ओतलं आणि तो निघून गेला. लोखंडी कपाट, पलंग, ट्रंक, ज्वारीचं पत्र्याचं पिंप, पितळी हंडे, कळशा, पातेल्यांचा ढीग. वरच्या मजल्यावरच्या बायका नाकं मुरडत, साड्या सावरत त्यातून वाट काढू लागल्या. अण्णा खालून ओरडले, "बाई, लोकांनी काय उडत जायचं का? उद्या दिवस मावळायच्या आत जिना मोकळा पायजे. न्हायतर दुसरी जागा बघा. मला रोजची कटकट नको."

दुसरी जागा कुठली मिळते? एकट्या बाईला खोली द्यायची म्हटली की घरमालकांना अचानक पाहुणे आठवतात. ही मिळवायलाच तिने निम्मं गाव पालथं घातलं होतं. ही गेली तर योगीराजचं बोलणं खरं ठरणार होतं.

सोनारीहून थोरला भाऊ रणधीर धावत आला. ढिगाकडे बघून त्याने डोक्याला हात लावला. "शिवे, हट्ट सोड. निम्मं इकू, निम्मं आपल्या शेडमधी टाकू. तू बी चल घरी."

"आन् मला कुठं टाकतूस? शेडमधीच का?"

रणधीरने पायाशी आलेली कळशी बाजूला सारली. त्याची माया खरी होती, म्हणूनच तिला जास्त राग आला. नवरा म्हणतो मावणार नाही, भाऊ म्हणतो मावणार नाही, आणि खोलीत अजून एक भांडंसुद्धा कुणी नेऊन बघितलेलं नव्हतं.

ढीग उपसताना तळाशी एक तांब्याचं घंगाळ निघालं. चांगलं थोरलं, दोन बाजूंना जाड कड्या. काठावर नाव कोरलेलं होतं, पण शिवांजलीचं नव्हे. 'चि. नागूस आईकडून.' नागूबाई म्हणजे तिची सासू.

"चुकून आलं आसंल," रणधीर म्हणाला. "तुजं न्हाय ते. परत धाड, न्हायतर मोडीत घाल. तेवढीच जागा व्हईल."

तिने मुरुमला फोन लावला. पलीकडून सासूबाई हळूच म्हणाल्या, "चुकून न्हाय, पोरी. म्याच घातलं टेम्पोत. तुजी भांडी भरताना योगीराज मला म्हनला, आता तुजं बी कबाड मोडीत काढतो. एवढं थोरलं घर हाय, पर माजी पेटी ठिवायला कोपरा मागावा लागतोय. तुज्याकडं जागा आसंल तर ठिव."

सासूने घंगाळापुरती जागा मागितली होती, पण तो आवाज घंगाळापुरता नव्हता. त्या घरात शिवांजलीच्या गालावर हळद लावायला रात्री गुपचूप येणारी तीच एकटी होती. "ठिवते, आत्याबाई," ती म्हणाली, आणि फोन बंद करून डोळे पुसले.

मग ती कामाला लागली. कपाट जिन्याच्या वळणावर असं अडकलं की पुढे जाईना, मागे येईना. रणधीरने हात टेकले. शिवांजली खाली उतरून काट्यावर गेली आणि रांगेतल्या ड्रायव्हरांना हाक मारली. ताडपत्री आवळायचे दोर आले, चार दांडगी माणसं आली. कपाट पुन्हा खाली, रस्त्यावर, आणि मग दोरांनी वर गॅलरीकडे निघालं. समोरच्या ढाब्यावरची गिऱ्हाइकं चहा सोडून बघत उभी राहिली. शिवांजली गॅलरीतून ओरडत होती, "डावीकडं! आरं डावीकडं म्हनते ना! जीव हाय का न्हाय हातात?" कपाट आत आलं तेव्हा ढाब्यावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

कपाट तिने भिंतीला लावलंच नाही. खोलीच्या मधोमध आडवं उभं केलं. पुढची बाजू कपड्यांना, पाठीला चुंबकाचे आकडे लावून झारा, उलथनं, चाळण्या, तवा. एका कपाटात दोन खोल्या झाल्या. दाराच्या वर फळी ठोकून घेतली, तिच्यावर पातेली एकात एक बसली. हंड्यात तूरडाळ गेली, कळशीत गूळ, पिंपात ज्वारी, आणि पिंपावर पाट टाकल्यावर बसायची सोय झाली. रोज हात लागतो ती वस्तू अडगळ होत नाही, एवढं एकच गणित तिने धरलं होतं.

न्हाणीतलं प्लॅस्टिकचं पिंप तिने बाहेर काढलं आणि त्या जागी घंगाळ बसवलं. अगदी बेताचं बसलं.

शेवटी पलंग. त्याच्या पायांखाली तिने विटा रचल्या. वर उचललेल्या पलंगाखाली एका बाजूला ट्रंक गेली, दुसरी बाजू मोकळी. तिथे तिने एक गादी गुंडाळून सरकवली.

"उरलेली टोपली हितं ढकल की," रणधीर म्हणाला.

"हितं न्हाय. ही जागा दिलेली हाय."

"कुनाला?"

"घंगाळवालीला," ती म्हणाली. रणधीरने टोपली काखेत मारली आणि तो सोनारीला गेला.

दिवस मावळायच्या आत जिना झाडून लख्ख होता. अण्णांनी वर येऊन खोली बघितली, पुन्हा खाली जाऊन जिना बघितला, आणि दुकानात जाऊन बसले.

पौषात योगीराज आईला घेऊन खंडोबाच्या जत्रेला आला आणि दर्शन करून थेट जिना चढला. त्याला पसारा बघायचा होता. तो दारात उभा राहून चारी भिंतींवर नजर फिरवत राहिला. कुठे काही सांडलेलं नव्हतं, लटकलेलं नव्हतं. त्याचं तोंड उतरलं.

"मानूस तरी बसतंय का हितं?" तो म्हणाला. "माय, चल. गाडी जाईल."

नागूबाई पलंगावर बसल्या होत्या. मांडीवरचं गाठोडं त्यांनी उतरवून शेजारी ठेवलं. "तू जा. म्या ऱ्हाते."

"हितं? निजशील कुठं? भिंतीवर?"

शिवांजलीने वाकून पलंगाखालची गादी बाहेर ओढली आणि कपाटाच्या आडोशाला पसरली. उशी होती, गोधडी होती, सगळं आधीच घातलेलं होतं.

"लोक काय म्हनतील, माय?"

"मोडीत घालायचं म्हनलास तवा लोकांना इचारलंवतंस का?" नागूबाई म्हणाल्या. "जा. गाडी जाईल."

तो जिन्यावरून पाय आपटत उतरला. नागूबाईंनी खालचा आवाज थांबेपर्यंत वाट बघितली. मग उठून न्हाणीत डोकावल्या. घंगाळ चिंचेने घासून लाल केलेलं होतं आणि त्यातल्या पाण्यातून वाफा निघत होत्या. त्यांनी आपल्या आईने कोरून घेतलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"शिवांजले," त्या आतूनच म्हणाल्या, "माजं लुगडं कुठल्या कप्प्यात ठिवू?"

"खालच्या," ती म्हणाली. "रिकामाच हाय."