त्या दिवशी ऊन होतं

मारोतभाऊ गेल्याची बातमी मला लीगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. वर रविवारच्या सामन्यांच्या वेळा, खाली कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक आणि मधे दोन ओळी... ‘लीगचे जुने पंच मारोतराव यांचे दुःखद निधन. अंत्यविधी चार वाजता.’ मी चहाचा कप खाली ठेवला. डोळे भरून आले असं लिहायची पद्धत आहे, पण ते खोटं होईल. खरं सांगतो, आधी सुटल्यासारखं वाटलं. माझी एक गोष्ट ठाऊक असलेला एकमेव माणूस आता बोलणार नव्हता. तसा तो चाळीस वर्षांत एकदाही बोलला नव्हता, तरीही मला सुटल्यासारखं वाटलं. मारोतभाऊंबद्दल काही लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी.

सेलू तालुक्यातल्या आमच्या गावात फुटबॉल कुणी आणला, यावर आजही दोन मतं आहेत आणि दोन्ही मतांचे लोक एकमेकांचं ऐकत नाहीत. लीग मात्र मारोतभाऊंनीच उभी केली, यावर वाद नाही. पोळा झाला, निंदण-खुरपण आटोपलं, की कापूस वेचणीला येईपर्यंत गावातल्या पोरांचे हात रिकामे असायचे. भाऊंनी आजूबाजूची चार गावं गोळा केली आणि दर रविवारी सामने सुरू केले. गोलपोस्ट बांबूचे. चेंडू एकच, त्यात हवा भरायला सायकलच्या दुकानात न्यायचा. सगळे अनवाणी खेळायचे, त्यामुळे मैदानाच्या रेषा चुन्याच्या नव्हे, राखेच्या. खरचटलेल्या पायाला चुना झोंबतो, म्हणून शनिवारी संध्याकाळी भाऊ घरोघरी जाऊन चुलीतली राख मागायचे. बायका हसायच्या. “अंगाले फासता का भाऊ, बुवा व्हाले?” भाऊ म्हणायचे, “मैदानाले फासतो वहिनी, थेच बुवा झालं आता.” दोन-चार वर्षांत गावं वाढली आणि लीग पार आष्टी तालुक्यातल्या तळेगावपर्यंत गेली. तळेगावची पोरं टेम्पोत उभी राहून यायची आणि जिंकली तर परतताना सगळ्या रस्त्यानं बोंबलत जायची.

भाऊ स्वतः खेळायचे नाहीत. कालव्याच्या पाण्यावर त्यांचा दीड एकर भाजीपाला होता, त्यात त्यांचा दिवस जाई. पण नियम त्यांना तोंडपाठ. नागपूरहून एक हिंदी नियमपुस्तक आणलं होतं, ते भाजीच्या टोपल्यांवर ठेवून वाचायचे. मी नुकताच शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो, अक्षर बरं होतं, धावता येत होतं, म्हणून त्यांनी मला लाइनमन केलं. ऑफसाइड म्हणजे काय, हे गावात एकालाही कळत नव्हतं. गोल म्हणजे गोल, त्यात मागे-पुढे काय, असं लोकांचं म्हणणं. मलाही कळत नव्हतं. मग एका दुपारी वावरात पोतं अंथरून त्यांनी त्यावर वांगी आणि टमाटे मांडले. वांगी आपली, टमाटे त्यांचे, एक लिंबू म्हणजे चेंडू. “चेंडू कुठं पोचला थे पाहू नको, सुधाकर. सुटला तेव्हा कोण कुठं होता, थे पाह्यजो. अन् एकदा झेंडी वर केली का मंग खाली घेऊ नको, बापही आला तरी.” अंधार पडेपर्यंत आम्ही त्या पोत्याशी बसलो होतो. शेवटी भाऊंची बायको, आमच्या वहिनी, आल्या आणि संध्याकाळची भाजी करायला त्यांनी आमचा बचावपटू उचलून नेला.

लीगच्या सातव्या वर्षी अंतिम सामना आमच्या गावात झाला. आम्ही विरुद्ध तळेगाव. सगळं गाव मैदानाच्या कडेला. लख्ख ऊन होतं, माझ्या शर्टाची पाठ भिजली होती. एक-एक अशी बरोबरी, शेवटची चार-पाच मिनिटं, आणि आमच्या बबननं गोल मारला. बबन गावाचा हिरो. पण चेंडू सुटला तेव्हा तो तळेगावच्या शेवटच्या बचावपटूच्या दोन पावलं पुढे होता. मला पोत्यावरची वांगी दिसावीत इतकं स्वच्छ ते दिसलं. मी झेंडी वर केली. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, शिट्टी वाजवली आणि गोल नाकारला.

मग लोक आत घुसले. मी पाहिलं, आधी दहा-बारा, मग सगळेच. मला काय झालं ते मी आजवर स्वतःला समजावू शकलेलो नाही. मी झेंडी खाली घेतली. नुसती घेतली नाही, काठीभोवती गुंडाळली. माझ्यापर्यंत आलेल्या कुणीतरी दरडावून विचारलं, “मास्तर, झेंडी केली होती का तुमी?” मी म्हटलं, “नाई.”

एवढंच. एक शब्द. भाऊ दहा हातांवर होते, त्यांनी ऐकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या गुंडाळीकडे पाहिलं आणि लोकांना म्हणाले, “त्याले काऊन इचारता? निर्णय पंचाचा असते. म्या देल्ला.” त्यांचा शर्ट फाटला, शिट्टी कुणी हिसकावली, ढेकळं बसली. सामना तिथंच थांबला.

त्यात एक गोष्ट अशी, की वहिनींचं माहेर तळेगाव. मग काय विचारता... सासुरवाडीसाठी गाव विकलं, असं झालं. त्या दिवसापासून मारोतभाऊंचं नाव पडलं ‘जावईबापू’. पोरंसोरं रस्त्यात हाक मारायची. हातपंपावर बायका वहिनींना म्हणायच्या, “भरा बाई तुमी पहिले, तुमचंच त राज्य हाय.” भाऊंनी पुन्हा शिट्टी हातात घेतली नाही, म्हणजे कुणी दिली नाही. गावच्या बाजारात बसणंही त्यांनी सोडलं, माल सेलूला न्यायला लागले. गंमत अशी, की पुढच्या वर्षी मैदानावर सरळ रेष मारणारा एकही माणूस गावात सापडेना. रविवारी उजाडताच पाहावं, तर रेषा मारलेल्या असायच्या आणि मारणारा निघून गेलेला. गावाला त्यांच्या रेषा चालायच्या. कुणी त्यावर बोलायचं नाही, आणि मी तर अजिबातच नाही. मी त्यांच्या घरावरून शाळेत जायचा रस्ताच बदलला.

लीगला चाळीस वर्षं होत आली तेव्हा स्मरणिका काढायचं ठरलं आणि इतिहास लिहायचं काम अर्थातच मास्तरांकडे आलं. मी भरभरून लिहिलं. बांबूचे गोलपोस्ट, राख, टेम्पो, सगळं. सातव्या वर्षाशी आलो आणि पेन थांबलं. दोन दिवस थांबलं होतं. मग मी लिहिलं, ‘पावसामुळे अंतिम सामना पूर्ण होऊ शकला नाही.’ झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला सांगितलं. स्मरणिकेची एक प्रत मीच सेलूच्या बाजारात भाऊंना नेऊन दिली. न देऊन चाललं नसतं. त्यांनी चष्मा लावून, भाजीच्या ढिगामागे बसून, गिऱ्हाईक थांबवून ती वाचली. पान उलटलं, परत मागे आले.

“पाऊस लिहिला तू.”

“वाद नको म्हणून, भाऊ...”

“ऊन होतं, सुधाकर,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. “मायंदळ ऊन होतं.”

पुढल्या आवृत्तीत दुरुस्त करतो, असं मी म्हणालो. आमच्यासारख्या लीगच्या स्मरणिकेची पुढली आवृत्ती निघत नसते, हे दोघांनाही माहीत होतं. तरी त्यांनी मान हलवली आणि बाजारात गाठ पडली की टाकायचे तशी सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी माझ्या पिशवीत टाकली. त्यानंतरही सात-आठ वर्षं ते भेटत राहिले, सांभार देत राहिले. मी घरी येऊन ती जुडी बायकोच्या हातात द्यायचो आणि त्या दिवशी मला जेवण जात नसे. एकदा तरी म्हणायचं होतं, भाऊ, चुकलो. बाजारात गर्दी असते, असं कारण मी प्रत्येक वेळी काढलं.

ते गेल्यावर अकराव्या दिवशी मी वहिनींकडे गेलो. ओसरीवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. झेंडी, गुंडाळी, ‘नाई’, पाऊस. वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

“मले काऊन सांगता, भाऊजी?” त्या म्हणाल्या. “म्या त त्याइचं तेव्हाच खरं मानलं होतं. ज्याइनं नाई मानलं त्याइले सांगा. परवा तेरवीले येतीन सारे.”

तेरवीला सगळं गाव जेवायला होतं. पंगत बसली, वरण वाढून झालं, आणि मी उभा राहिलो. बत्तीस वर्षं वर्गात उभा राहिलेला माणूस मी, पण पहिलं वाक्य दोनदा सुरू करावं लागलं. मी सांगितलं की तो गोल ऑफसाइड होता. झेंडी मी केली होती आणि मी खोटं बोललो. मारोतभाऊंनी मला वाचवलं आणि चाळीस वर्षं शिव्या खाल्ल्या. मला वाटलं होतं आता कुणी उठून अंगावर येईल, निदान हातातला घास तरी टाकेल. तशी मी मनाची तयारी केली होती, खरं तर ते मला हवंच होतं.

कुणी हललं नाही. पोरांना काही कळलंच नाही, ती जेवत राहिली. मग समोरच्या ओळीतून बबन बोलला. आता त्याचे गुडघे गेलेत, तो खुर्चीवर बसून जेवतो. पत्रावळीकडे पाहतच तो म्हणाला, “झेंडी म्या पाह्यली होती, मास्तर. मारायच्या आधीच पाह्यली.”

त्याच्या शेजारचा म्हातारा म्हणाला, “पाह्यली त मीनंही होती.” पलीकडून आणखी एक जण खाकरला आणि त्यानं मान हलवली. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, “आता जुनं काऊन काढता, जेवा ना बा...” आणि मला पुन्हा एकदा, त्या व्हॉट्सअ‍ॅपवाल्या सकाळसारखंच, क्षणभर हलकं वाटलं. म्हणजे मी एकटा नव्हतो. हेही लिहून ठेवतो, कारण त्याची लाज मला पहिल्यापेक्षा जास्त वाटते.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. रडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. पंगतीकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

“म्हंजे गावाले माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “थे त मले जलमभर सांगत गेले, गावावर राग नोको धरू. गावाले माहीत नाई म्हणून बोलते, माहीत असतं त कोणी एक शब्द बोललं नसतं.”

मग त्यांनी सुनेच्या हातातली भाताची परात घेतली आणि बबनपासून वाढायला सुरुवात केली.