तळाची ओळ

कागद हातात आला की त्याचं बोट आधी तळाशी जायचं. मग ओळीओळीनं वर सरकायचं. विजेचं बिल असो, मालाची पावती असो, की लग्नाची पत्रिका. "खालून वाचा ओ साहेब," तो मला म्हणायचा, "वरचं समदं सजवलेलं असतंय."

मला तो आवडत नव्हता. त्यालाही मी आवडत नव्हतो. यंदाच्या उन्हाळ्यात तो वारला, म्हणून आमची मैत्री होती असं मी आता लिहिणार नाही.

बीदरच्या एका डाळ कंपनीत मी ऑफिस सांभाळायचो. कंपनीनं स्वतःचा मेल सर्व्हर घेतला तेव्हा तो चालवायला हा आला. राजेश्वर गावचा, बौद्ध घरातला, हैदराबादला शिकलेला. जिन्याखालच्या त्याच्या खोलीत एसी होता, अख्ख्या ऑफिसात तेवढाच. उन्हाळ्यात कुणी काही निमित्त काढून आत गेलं की हा दारात आडवा. "थंडी मशिनीसाठी हाय, तुमच्यासाठी न्हाई."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती बरोबर असतात आणि त्याची शिक्षा समोरच्याला देतात.

कुणाचा मेल पोचला नाही की तो हेडर छापून आणायचा. हेडर म्हणजे मेलच्या माथ्यावरच्या, एरवी न दिसणाऱ्या ओळी. मेल कुठून निघाला, वाटेत कुठं कुठं थांबला, हे त्यात असतं. प्रत्येक थांबा आपली ओळ वर चढवतो, म्हणून सुरुवात तळाशी सापडते. एकदा हिशेबनीस शपथेवर सांगत होता, "भाव मी सकाळीच पाठवला." यानं कागदाच्या तळाशी बोट टेकलं. "ही मशीन तुमची. ही वेळ दुपारची. सकाळी उठला तरी होताव का?" सगळं ऑफिस हसलं. हिशेबनीस पुढं कधी त्याच्याशी बोलला नाही.

एकदा त्यानं मलाच धरलं. "साहेब, त्या नव्या पोराला 'तुम्ही' म्हणायलाव. मी त्याच्याहून थोरला, मला 'तू' म्हणायलाव. कामून?"

"तो आपल्या ओळखीतल्या घरचा हाय."

"व्हय. कुठल्या ओळखीतला ते बी माहीत हाय मला."

मी पुढंही तूच म्हणत राहिलो.

आमचे थोरले मालक, त्यांना सगळे अप्पा म्हणत. पेढीच्या काळापासून पत्र कुणीही लिहिलं तरी ते अप्पांच्याच नावानं जायचं. मेल आले तेव्हा मी अप्पांसाठी एका फुकटच्या मेल सेवेवर पत्ता काढून दिला होता. लातूरपासून हैदराबादपर्यंतचे व्यापारी तोच ओळखायचे. नवा सर्व्हर आला तरी मी त्याला बजावलं, "मेल कुणीबी लिहू दे, पाठवणाऱ्याच्या जागी अप्पांचा तोच जुना पत्ता दिसला पाहिजे."

"ते खोटं होतंय," तो म्हणाला. "पत्ता त्या सेवेचा आणि मेल निघणार आपल्या सर्व्हरवरून. आज चालंल. समोरचे सर्व्हर कडक झाले की खोटी सही म्हणून परत फेकतील."

"अप्पांचं नाव खोटं हाय व्हय रे?"

"नाव खरं हाय. पाठवणारा खोटा."

मी ऐकलं नाही. वर्षानुवर्षं चाललंही. अप्पा वारले तरी त्यांच्या नावानं भाव जात राहिले. तो पुन्हा आला. "आता तरी बंद करा. माणूस गेलाय ओ." मी म्हणालो, "अप्पांचा मान हाय तो. तुला न्हाई कळायचं."

मान हे मी सांगायचं कारण होतं. खरं कारण वेगळं होतं. उत्तरं त्याच पत्त्यावर यायची, आणि तो उघडायचा पासवर्ड एकट्या माझ्याकडं होता. कुणाला किती माल हवा, कोण नाराज आहे, सगळं आधी मला कळायचं. धाकट्या मालकांना नंतर, माझ्या तोंडून.

मग ऐन तुरीच्या हंगामात व्यापाऱ्यांना आमचे भाव मिळेनासे झाले. त्यांनी दुसरीकडून डाळ उचलली. धाकट्या मालकांनी सगळ्यांना बोलावलं. त्यानं हेडरचा कागद टेबलावर ठेवला. "खालून वाचा," म्हणाला. तळाशी ऑफिसातली मशीन, त्याच्यावर आमचा सर्व्हर, आणि सगळ्यांत वर व्यापाऱ्याच्या सर्व्हरचा निकाल: पाठवणाऱ्याचा पत्ता बनावट, मेल नाकारला.

धाकटे मालक लालबुंद झाले. "माझ्या वडिलांचं नाव बनावट? कुणी घातलं ते?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. आपण बोललो तर तक्रार वाटेल, साहेब स्वतःच सांगतील, असं त्याला वाटलं असावं. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल त्यानं केलेला तेवढाच चांगला अंदाज.

मी म्हणालो, "सर्व्हर ह्याच्या ताब्यात असतो."

वाक्य खरं होतं. त्यानंतर तो बरंच बोलला, मोठ्यानं बोलला, मला नको ते बोलला. जितका ओरडला तितका खोटा ठरत गेला. त्याच संध्याकाळी त्याला काढलं.

बीदर लहान गाव आहे. मेलेल्या माणसाच्या नावानं मेल करणारा, अशी त्याची ओळख झाली. दुसऱ्या कंपन्यांचे फोन मला यायचे, माणूस कसा आहे म्हणून. मी सांगायचो, "हुशार हाय, पण..." आणि थांबायचो. त्याला कुणी घेतलं नाही. त्यानं राजेश्वरला बस स्टँडजवळ ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान टाकलं.

निवृत्त होऊन मी गावी, हुलसूरला आलो. एके दिवशी त्याच्या दुकानात गेलो. समोर पेन्शनसाठी आलेली एक म्हातारी बसली होती. त्यानं मला बसा म्हटलं नाही.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "तुमच्यावर अन्याय केला मी."

मी त्याला 'तुम्ही' म्हटलेलं त्यानं ऐकलं की नाही, कळलं नाही. "मला कामून सांगायलाव? मला माहीतच हाय. ज्यांना माहीत न्हाई त्यांना सांगा की."

"धाकट्या मालकांना सांगतो."

"त्यांनाच न्हाई. ज्यांचे फोन आले त्यांना बी. 'पण' म्हणून थांबत होता न्हवं? त्याच्या पुढचं सांगा." मग म्हातारीकडं वळला. "अक्का, अंगठा ठेव इथं. नीट दाब." पुन्हा त्यानं मान वर केली नाही.

मी धाकट्या मालकांकडं गेलो, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या अण्णा, जुनं झालं." आणि मी जाऊ दिलं. बाकी कुणाला सांगितलंच नाही.

तो वारल्याचं मला बीदरच्या एका हॉटेलात गल्ल्यावरच्या माणसानं सांगितलं. शेजारी एक जुना व्यापारी चहा पीत होता. त्यानं विचारलं, "कोण? त्यो खोट्या नावाचा?"

माझ्या तोंडून निघालं, "व्हय, त्योच."

चहा संपवून मी उठलो. एसटीत बसल्यावर ध्यानात आलं. त्याच्या मागंसुद्धा मी तेच केलं होतं.

त्या व्यापाऱ्याला शोधत मी दोनदा बाजारात जाऊन आलो. भेटला नाही. म्हणून हे लिहायला बसलो. वर मी त्याचा खडूसपणा लिहिला, एसी लिहिला, अप्पांचा मान लिहिला. हा कागद त्याच्या हाती गेला असता तर त्यातलं काही न बघता त्याचं बोट थेट तळाशी आलं असतं. तेव्हा तिथं असायला हवं ते लिहितो.

अप्पांचं नाव मी घालायला लावलं. तो नको म्हणत होता.