शनिवारचा काटा

बसवनगुडीतल्या एका दवाखान्याच्या माडीवर आम्ही दर शनिवारी जमायचो. एचआयव्ही असलेली दहाबारा माणसं आणि त्यांना घेऊन येणारे माझ्यासारखे. ते नव्वदचं दशक होतं. खरी औषधं आमच्या आवाक्याबाहेर होती. वजनं उतरत गेली, तसे किस्से साठत गेले. वजनं सिस्टरच्या वहीत राहिली, किस्से माझ्याकडे.

*

पहिल्याच शनिवारी शेजारी बसलेल्या शांतक्कांना मी विचारलं, "कशा आहात?"

"इथे तसं नाही विचारत," त्या म्हणाल्या. "काल काय खाल्लंत आणि पोटात राहिलं का, ते विचारा!"

मग स्वतःच जाहीर केलं, "रागीची पेज. अख्खी रात्र राहिली!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

*

मी घेऊन जायचे माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला. चिकपेटात त्याचं तराजू नि वजनकाट्यांचं दुकान होतं. डॉक्टरांनी समजावलं, की आतडी अन्न शोषूनच घेत नाहीत, म्हणून जुलाब थांबत नाहीत आणि खाऊनही अंगी लागत नाही.

"म्हणजे गिऱ्हाईक पुढच्या दाराने येतं, काही न घेता मागच्या दाराने जातं," अण्णा म्हणाला. "तीस वर्षं तेच बघतोय, सर!"

*

चिकपेटहून निघालं की वाटेत रिक्षा थांबवावीच लागे. एका हॉटेलात तो कॉफी मागवायचा, घाईने आत जायचा आणि परत येऊन न पिताच निघायचा. पोटाला दूध चालत नव्हतं. चौथ्या शनिवारी मालक गल्ल्यावरून उठला. मला वाटलं, हाकलतोय.

"कॉफी ब्याडा, सर," तो म्हणाला. "कॉफी नको, टेबल नको. सरळ आत जा!"

*

उगादीला, म्हणजे पाडव्याला, कुणीतरी ओबट्टू आणले, तुपात न्हालेल्या पुरणपोळ्या. सिस्टरने डबा उचलून वर ठेवला. शांतक्का म्हणाल्या, "नुसता वास घेऊ?" डबा हातोहात फिरला. परत आला तेव्हा एक ओबट्टू कमी!

"अक्का, हे राहणार नाही पोटात," सिस्टर ओरडली.

"माहीत आहे. पण जाईपर्यंत माझाच ना!"

*

एका व्यापाऱ्याला आतून पोखरलेलं किलोचं वजन हवं होतं. अण्णाच्या अंगात तेव्हा उभं राहायचंही बळ नव्हतं, तरी उठला.

"वजनात खोटं? नडी! चालू लाग!"

तो गेल्यावर अण्णा माझा हात धरून हळूच खाली बसला. "पुट्टी, माझ्या दुकानातून ग्रॅमचंही खोटं बाहेर गेलेलं नाही."

*

पावसाळ्यात शांतक्का चाळीस किलोवर आल्या. काट्यावरून उतरून म्हणाल्या, "चाळीसच्या खाली गेले, की माझं येणं बंद. पेजही बंद. उगीच कशाला?"

अण्णा काट्यापाशी वाकला. "हा चिकटतोय, सिस्टर. दुकानात नेऊन नीट करून आणतो."

पुढच्या शनिवारी शांतक्का एकेचाळीस! अण्णाही वाढलेला! आनंदाने मी त्या दिवशी शिरा केला. अण्णा बराच वेळ ताटलीकडे बघत बसला. मग म्हणाला, "छान झालाय, पुट्टी. स्वल्प अजून वाढ."

*

दिवाळीआधी अण्णा गेला. दुकान आता मी उघडते. महिन्याभराने त्याची उरलेली मीठ-साखरेची पाकिटं द्यायला माडीवर गेले आणि सहज काट्यावर चढले. सकाळीच दुकानातल्या काट्यावर उभी राहिले होते. इथे बरोबर दोन किलो जास्त!

"सिस्टर, हा काटा..."

"हळू बोला," सिस्टर म्हणाली. "शांतक्का जिना चढतायत."

शांतक्का आल्या, दम घेतला, चपला काढल्या, काट्यावर उभ्या राहिल्या.

"बघा, अजून एकेचाळीस!"

"एकेचाळीस!" सिस्टर मोठ्याने म्हणाली आणि वहीत लिहिलं, एकोणचाळीस.

मी टाळ्या वाजवल्या.