सोमवारी धान चावताना

मावशीच्या मुलीवर मी पहिल्यांदा जळले ती तिच्या हिंदीवरून. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मी कोहमाऱ्याहून बसने गोंदियाला आले, तेव्हा ती मला घ्यायला स्टँडवर आली होती. गर्दीत एका माणसाचा पाय माझ्या पिशवीवर पडला. तिने त्याला हिंदीत असं झापलं, की तो 'सॉरी दीदी' म्हणून बाजूला झाला. मला तोवर कुणी दीदी म्हटलं नव्हतं. माझी हिंदी म्हणजे मराठीच्या शेवटी 'है' लावायचं, बस.

आम्ही दोघी एकाच वयाच्या. मी गावातली. आमच्याकडे संध्याकाळी बघायला हायवेवरचे ट्रक आणि ढाब्यांचे दिवे, आणखी काही नाही. तिच्याकडे अख्खं गोंदिया होतं आणि तिला त्याची काडीची किंमत नव्हती. बाजारातून जाताना मी प्रत्येक चपलांच्या दुकानापुढे थबकायची आणि ही जांभया देत पुढे. चाटवाला तिला न विचारता तिखट कमी घालायचा. घरात बसून स्टेशनवरची घोषणा ऐकू यायची. ती कपडे वाळत घालता घालता गाडी कुठली ते सांगायची, आणि मी मनात म्हणायची, हिला एवढ्या गाड्या कशाला पाहिजेत, ही कुठे जाते?

तिला मात्र एकाच गोष्टीतून सुटायचं होतं. मावशी घरी बिड्या वळायची आणि बारावीनंतर तीही मांडीवर सूप घेऊन तिच्या शेजारी बसली होती. तंबाखूच्या वासाने तिचं डोकं उठायचं. त्या उन्हाळ्यात मावसाजींनी आम्हा दोघींना एका राइस मिलमध्ये लावून दिलं. ते ऑटो चालवायचे आणि मिलचे मुनीमजी त्यांच्या रोजच्या सवारीतले.

मे महिन्यात उन्हाळी धान निघतं आणि मिलच्या फाटकाशी ट्रॅक्टरची रांग लागते. पोत्यात परखी, म्हणजे टोकदार पोकळ सळई, खुपसून मूठभर दाणे काढायचे, तळहातावर चोळून टरफल उडवायचं आणि दाणा दाढेखाली धरायचा. वाळलेला असला तर कट्‌कन तुटतो. ओला असला तर चपटा होतो आणि दाताला चिकटतो. ओलावा मोजायचं मशीन दुरुस्तीला गेलं होतं आणि शेठचा तसाही मशीनपेक्षा दातावर भरवसा. परखी मारायचं आणि चिठ्ठीवर गाडीचा नंबर लिहायचं काम माझं. चावून सांगायचं काम तिचं.

ती कधी चुकली नाही. लहानपणापासून तिला कच्चे तांदूळ चोरून खायची खोड होती. मावशी अजून ओरडायची, "खाय, आणखी खाय! लग्नात पाऊस पडन तुझ्या, मांडवात पोहाव लागन आमाले." त्याच खोडीवर आता मिल चालली होती. एकदा शेठ मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "इसका दाँत नहीं है, मशीन है." मी तिथे रसायनशास्त्र शिकलेली, हातात पेन धरून उभी. माझा असा तिळपापड झाला की त्या चिठ्ठीवरचा नंबर मी दोनदा खोडला.

सोमवारी तिचा उपास असायचा आणि संध्याकाळी ती नागऱ्याच्या महादेवाला जायची. त्या दिवशी दाणा तोंडात घालायचा कसा? मी म्हटलं, चाव आणि थुंकून टाक. तर म्हणाली, "थुंकलं तरी दाताले लागलंच ना वो. मोडलाच मंग उपास."

म्हणून सोमवारी मी चावायची, तिच्या कानात सांगायची आणि ती मुनीमजींना मोठ्याने सांगायची. मुनीमजींना यातलं काही ठाऊक नव्हतं. "त्यायले कायले सांगाचं?" ती म्हणायची. तिचा माझ्यावर विश्वास होता. दोन सोमवार असे गेले आणि काही बिघडलं नाही.

मग मुनीमजींनी सांगितलं की जूनपासून आवक कमी होईल, दोघींपैकी एकीलाच ठेवणार. पण जी राहील तिला वर्षभर काम मिळेल, सकाळपुरतं. मला सगळं लख्ख दिसलं. सकाळी मिल, दुपारी कॉलेज, तिसऱ्या वर्षाला गोंदियातच प्रवेश. नाहीतर गावी परत आणि रोजची बस. तिच्यासाठी 'नाहीतर' म्हणजे पुन्हा बिड्यांचं सूप. दोघींनाही ते काम हवं होतं आणि दोघीही त्याबद्दल बोललो नाही. त्या दिवशी घरी येताना ती एवढंच म्हणाली, "तू गावाले गेली का माले करमनार नाई."

ती अगदी प्रेमाने बोलली होती. पण माझं जाणं तिने ठरवूनच टाकलं होतं, आणि त्या एका वाक्याने माझ्या पोटात जे पेटलं ते सोमवारपर्यंत विझलं नाही.

सोमवारी रांग मोठी होती. ऊन डोक्यावर, तिच्या पोटात सकाळपासून फक्त चहा. चौथा ट्रॅक्टर आला. मी परखी मारली, दाणे चोळले, एक दाढेखाली घेतला. तो चपटा झाला. खात्री करायला दुसरा घेतला, तोही चिकटला. मी जीभ फिरवून तो सुटा केला आणि तिच्या कानात म्हटलं, "वाळलेला आहे."

आधी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं. परत घ्यायला वेळ होता, पोती उतरायला अर्धा तास लागला. मी पुढच्या गाडीचा नंबर लिहीत बसले.

"चालते!" तिने मुनीमजींना ओरडून सांगितलं.

चौथ्या दिवशी गोदामातल्या सोमवारच्या ढिगातून आंबूस वास यायला लागला. हमालाने आत हात घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला. शेजारचं चांगलं धानही तापलं होतं. शेठ आले. त्यांनी आम्हा दोघींना उभं केलं आणि विचारलं, "ये किसने चबाया था?"

मला वाटलं, आता ती माझं नाव घेणार. खरं सांगते, मला तेही चाललं असतं.

"मैंने," ती म्हणाली.

शेठ ओरडले नाहीत. "उपास-तापास में ध्यान नहीं रहा होगा," एवढं म्हणून ते गेले. दुसऱ्या दिवशी मुनीमजींनी तिला येऊ नको म्हणून सांगितलं. मला राहा म्हणाले.

घरी जाताना मी तिला विचारलं, "काऊन सांगितलं तसं?"

"मंग काय सांगू? तू पाहुनी हायेस. बहिणीच्या पोरीले कामावून काढवलं म्हणून आई मलेच बोलन." थोडं चालून ती पुन्हा म्हणाली, "तू काई मनाले लावू नको. सवय नसली का समजत नाई ओला का वाळला. तुझे दात शिकल्या माणसाचे."

आणि ती हसली, मला बरं वाटावं म्हणून.

मी गोंदियात राहिले. तिसरं वर्ष तिथेच केलं. मशीन दुरुस्त होऊन आलं, मी त्यात दाणे घालायची आणि आकडा वाचून सांगायची. दाढेखाली धरायला मला कुणी सांगितलं नाही. घरी ती सूप घेऊन बसलेली असायची आणि मी आले की विचारायची, "आज कसा होता धान?" मी कसंबसं उत्तर देऊन आत जायची. इतकं सगळं मिळवूनही तिच्यावरचं जळणं काही थांबलं नाही. मी मुद्दाम केलं नसेल, माझ्या हातून चूकच झाली असेल, असं ती सहज मानू शकली होती. मला तिच्याबद्दल तसं एकदाही मानता आलं नसतं.

आणि सगळ्यात जास्त जळते ते तिच्या त्या समजुतीवर, की मला ओला-वाळला कळत नव्हता. कळत होता. दोन्ही दाणे ओले होते, मी पहिल्याच दाण्याला ओळखलं होतं. माझी दाढ तिच्याइतकीच पक्की निघाली, आणि ही गोष्ट मी तिला कधीच सांगू शकणार नाही.