हेरिबेर्तोला जमलं पाहिजे

बेटावरच्या चोन्ची गावात, चर्चखाली, समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर ओतिलिया बार्रीआचा फोटो स्टुडिओ होता. ओळखपत्राचे फोटो, लग्नं, बारशी, आणि गावात नवी होडी पाण्यात लोटायची असली की तिचेही फोटो, सगळं तीच काढायची. होड्या बहुतेक तिच्या नवऱ्याच्या, हेरिबेर्तो मान्सियाच्या हातच्या असायच्या. गुडघे कुरकुरायला लागले तसं तिनं दुकान बंद केलं, निगेटिव्हच्या पेट्या घरी आणल्या आणि हिवाळ्यामागून हिवाळे चुलीजवळ बसून एकेक फोटो नावासकट कॉम्प्युटरवर चढवला.

मग एके दिवशी कॉम्प्युटरची डिस्क बंद पडली. बाकीचं पेट्यांतून पुन्हा चढवता आलं, पण एका अख्ख्या वर्षाची लग्नं गेली. त्या निगेटिव्ह आधीच ओलीनं एकमेकींना चिकटून वाया गेल्या होत्या. आठवडाभर ओतिलियानं माते, म्हणजे तिचा रोजचा कडवट चहा, प्यायचं सोडलं. हेरिबेर्तो यावरूनच समजला, की बाई आतून मोडली आहे.

तिनं दुकानातला जुना कॉम्प्युटर काढला, त्यात दोन डिस्का बसवल्या. एकीवर ठेवलेलं दुसरीवर आपोआप उतरेल, अशी जोडी. घरातल्या सगळ्या फायली यातच राहणार. आता त्यावर कुठली ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची, एवढंच ठरायचं होतं. भावाची मुलगी यास्ना सान्तियागोला याच कामात होती. तिला फोन लागला.

"आत्या, ट्रूनॅस टाक. प्रत्येक फाइल तपासत राहतं. कुठे कीड लागली की लगेच कळतं."

"गं बाई, गुण चांगले आहेत. पण मेमरी किती मागतं बघ! माझं मशीन माझ्याच वयाचं आहे."

"मग नवीन घे."

"तू फक्त नवीन घ्यायलाच सांग," ओतिलिया म्हणाली, आणि तिनं साधं डेबियन टाकलं. हलकं, शांत, मागणी काही नाही. फक्त सगळं हुकूम टाइप करून करायचं. ओतिलियाला ते मनापासून आवडलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली, की तिला डार्करूममध्ये कागदावर चेहरा वर यायचा ते आठवायचं. कित्येक दिवस ती खूश होती.

पुढे डॉक्टरांनी सांगितलं, खुब्याचा सांधा बदलावा लागेल, पुएर्तो मॉन्तला. म्हणजे फेरीबोटीनं खाडी ओलांडून जायचं आणि बरेच दिवस तिकडेच राहायचं. घरी येऊन तिनं कोट काढला नाही, तशीच कॉम्प्युटरपुढे बसली.

"म्हाताऱ्या, इकडे ये. बस इथे."

"कशाला?"

"तुझ्या होडीचा फोटो शोधून दाखव. मी नाही असं समज."

हेरिबेर्तोनं एका बोटानं चार अक्षरं दाबली. मशीननं एक ओळ टाकून नकार दिला. त्यानं पुन्हा दाबली, जरा जोरात.

"जोर लावून काय होणार आहे? ते लाकूड आहे का?"

"लाकूड असतं तर एव्हाना ऐकलं असतं," तो म्हणाला. "ओती, ही भाषा तुझी आहे. तू मला एका कागदावर लिहून दे."

"कागद तू चुलीत घालशील."

ते खरं होतं. 

दुसऱ्या दिवशी तिनं सगळे फोटो बाहेरच्या एका डिस्कवर घेतले आणि मशीन पुसून कोरं केलं. यास्ना फोनवर ओरडलीच. "आत्या! एवढं छान चाललेलं!"

"छान मला. त्याला नाही. मी भूल घेऊन टेबलावर पडले असताना घरात तो असणार, तू नाहीस."

मग यास्नानंच ओपनमीडियाव्हॉल्ट सुचवलं. आतून डेबियनच, पण पुढे सगळं एका पानावर: बटणं, कुठली डिस्क ठीक आणि कुठली बिघडलेली ते सांगणारे हिरवे-लाल ठिपके, आणि आदल्या दिवशीच्या प्रतीतून हरवलेली फाइल परत आणायची सोय. ओतिलियानं ते बसवलं, फोटो परत त्यावर चढवले, दुसऱ्या दिवशी हेरिबेर्तोला पुन्हा खुर्चीत घातलं आणि त्याच्या देखत त्याच्या पहिल्या होडीचा फोटो पुसून टाकला.

तो ताडकन उठला. "वेड लागलं का तुला?"

"परत आण."

तो शिव्या घालत बसला. चुकला, मागे गेला, पुन्हा शिव्या घातल्या. ती विणकाम करत राहिली, वर बघितलंही नाही. शेवटी होडी पडद्यावर आली, तेव्हा त्यानं टेबलावर असा हात आपटला की मातेचा पेला कलंडला.

"आली! ओती, आली बघ!"

"मग हेच ठेवायचं," ती म्हणाली.

ती इस्पितळात गेली त्याच आठवड्यात वादळ आलं. वीज गेली, आली, पुन्हा गेली. स्थिर झाली तेव्हा पानावर एक ठिपका लाल होता. आणि दुपारी दारात ग्रिसेल्दा चिग्वाय उभी राहिली, शाल ओली, डोळे कोरडे. तिचा नवरा एलेओदोरो पहाटे गेला होता. तो हेरिबेर्तोबरोबर कित्येक वर्षं होड्यांवर राबलेला.

"फोटो हवाय," ती म्हणाली. "मेणबत्तीपाशी ठेवायला. आमच्याकडे होते ते पुरात गेले. ओतिलियाकडे असेल."

हेरिबेर्तोनं इस्पितळात फोन लावला. नर्स म्हणाली, बाई शुद्धीवर आल्यात, पण आत्ता बोलू शकणार नाहीत.

त्यानं ग्रिसेल्दाला चुलीजवळ बसवलं, पुढ्यात गरम मिल्काओ, बटाट्याची जाड भाकरी, ठेवली आणि कॉम्प्युटरपुढे बसला. लाल ठिपका तसाच होता. पण दुसरा हिरवा होता. त्यानं शोधायच्या चौकटीत एका बोटानं चिग्वाय लिहिलं.

एलेओदोरो आला. एकदा नाही, कितीतरी वेळा. ओळखपत्रातला ताठ, बहिणीच्या लग्नातला अवघडलेला, आणि एका होडीच्या बुडाशी डांबरानं माखलेले हात पसरून तोंडभर हसणारा.

ग्रिसेल्दा खुर्ची ओढून जवळ आली. एकेक फोटो तिनं जवळून पाहिला.

"हा," तिनं शेवटी बोट ठेवलं. "याच दिवशी त्यानं मला लग्नाचं विचारलं होतं. हात धुवायलासुद्धा थांबला नाही मेला. माझा झगा खराब केला." आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं. हेरिबेर्तो तिच्या पाठीवर थोपटत राहिला, स्वतःचं नाक बाहीला पुसत.

ओतिलियाशी बोलणं झालं ते दुसऱ्या दिवशी. आधी ती एलेओदोरोसाठी रडली. मग म्हणाली, "कुठला दिला?"

"डांबराचा."

"बरं केलंस. आणि डिस्क?"

"एक गेली. एक आहे. कशाला हात लावलेला नाही, शपथ. नवीन आणायला कास्त्रो शहरातल्या दुकानाला निरोप पाठवलाय."



"म्हाताऱ्या," ती म्हणाली, "यास्नाला फोन करून हे तूच सांग. माझ्यावर तिचा विश्वास बसणार नाही."

ती काठी टेकत घरी आली तेव्हा नवी डिस्क खोक्यातच होती, तिची वाट बघत. ओतिलिया चुलीजवळ बसली. हेरिबेर्तोनं मशीनचं झाकण काढलं, स्क्रू ओठांत धरले आणि होडीच्या फळीत खिळा बसवावा तशी डिस्क हलकेच आत सरकवली. तिला दोनदा काहीतरी बोलावंसं वाटलं. तिनं विणकाम हातात घेतलं. त्यानं बटण दाबलं, मशीन गुरगुरायला लागलं, आणि एका डिस्कवरचे सगळे चेहरे दुसरीवर उतरू लागले.