गुडघाभर तळ्यातला मूस

धुकं असं दाट, की जलतरण तलावाचा पलीकडचा काठ दिसेना. शिट्टीकाका लांब दांड्याच्या जाळीनं पाण्यावरची पानं ओढत होते. धुकं विरलं, सकाळची तुकडी आली, तसे ते उंच खुर्चीवर चढून बसले. जीवरक्षकाच्या या नोकरीत त्यांचे केस पिकले. पाण्यावर डोकी किती, यापलीकडे नजर जात नसे. सिनेमाच्या रांगेतही ते डोकी मोजत. शिट्टी तर झोपतानाच काय ती गळ्यातून निघे.

दुपारी तलाव बंद. मग घरी जेवण, आणि लेकीच्या जुन्या कॉम्प्युटरवर प्राणिसंग्रहालय चालवायचं. खेळच तो, पण वाघ-सिंह सोडून काकांचा जीव जडला मूसवर. थंड मुलखातला, सांबराचा थोरला भाऊच म्हणा : घोड्याहून उंच, गळ्याखाली लोंबती कातडी, शिंगं सुपासारखी पसरट. पाडस असताना आणलेला. त्याला सावली दिली, बर्फ दिला, झाडपाला दिला. तळंही दिलं, पण गुडघाभर. भोवती कठडा आणि उतरायला पायऱ्या.

सुट्टीला आलेली लेक ते बघून हसत सुटली. "बाबा, बालवाडी काढलीय का?"

"हसू नकोस. ते बघ." काकांनी बोट दाखवलं. मूसच्या समाधानाची पट्टी लाल झाली होती. खाली सूचना आली होती : आणखी घसरली तर प्राणी दुसरीकडे नेला जाईल. "मी काय कमी केलं गं याला?"

"पाणी! त्याचं आवडतं खाणं तळाशी उगवतं. तो बुडी मारून खातो."

"बुडी? एवढं धूड? डोक्यावर ते ओझं घेऊन?"

"बाबा, तो तुमच्या तुकडीतला नाही."

आतून काकू म्हणाल्या, "माणसांचं मन कधी सांभाळलं नाही, मूसचं बरं कळतं!"

काकांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. खोल पाणी म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पण नाही खणलं तर लेकरू हातचं जाणार. शेवटी त्यांनी कठडा काढला आणि तळ खाली खाली नेला. पाण्याचा रंग काळसर झाला, तशी त्यांनी गळ्यातली शिट्टी मुठीत धरली.

मूस काठाशी आला. थबकला. मग सरळ आत. पोट बुडालं, पाठ बुडाली, मान गेली, शेवटी शिंगंही. वर नुसती वलयं.

काका ताडकन उठले आणि त्यांनी जीव खाऊन शिट्टी फुंकली.

काकू हातातला आमटीचा डाव घेऊनच धावल्या. "काय झालं? कोण बुडालं?"

लेकीनं पडद्याकडे बोट केलं. पाणी निवांत होतं. मग मधोमध ते फुगलं, फाटलं, आणि ती शिंगं वर आली. त्यांच्या पसरट पंजांतून धारा कोसळत होत्या. तोंडात हिरवा गुंता, नाकपुड्यांतून वाफ. मूस मान वर काढून पाण्यातच सावकाश चघळत होता, जणू सगळं तळं त्याच्यासाठीच खोल झालेलं.

काकांनी शिट्टी तोंडातून काढली. डोकं पाण्याखाली गेलं की काय होतं, याचा त्यांना जन्मभर एकच अर्थ ठाऊक होता. हा जीव तर स्वयंपाकघरात जाऊन आल्यासारखा परतला होता.

मूस पुन्हा खाली गेला. या वेळी काका बसून राहिले.

"खाली करतोय काय तो?" काकूंनी विचारलं.

"जेवतोय," काका कुजबुजले. मोठ्यानं बोललं तर त्याला ऐकू जाईल, असे.

पट्टी कधी हिरवी झाली, कुणी पाहिलं नाही. तिघंही शिंगं वर येण्याची वाट बघत राहिली. प्रत्येक वेळी ती आली, की काकू डाव छातीशी धरून "अगं बाई!" म्हणत.

संध्याकाळची तुकडी यायच्या आत काका तलावावर पोचले. पाण्याखालच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं होतं; डोकी मोजताना ते कधी नजरेस पडलं नव्हतं. त्यांनी पँट दुमडली, ताठ केसांचा ब्रश घेतला आणि खालच्या पायरीपासून घासायला सुरुवात केली.