मीच बांधलेली झोळी

परवा नातीसाठी झोळी बांधली. बायको म्हणाली, आधी वजन घालून बघा. भोपळा घातला. भोपळा दाणकन खाली — दोन शकलं. नात अजून सुनेच्या कडेवर होती, एवढंच माझं नशीब.

“शाळेत तर म्हणं लई पक्की बांधलती,” बायको म्हणाली. सून हसली.

शाळेतली झोळी हा माझा हुकमी किस्सा. पाहुणा आला की सांगतोच. केजकडची दोनशिक्षकी शाळा. मी मुख्याध्यापक, दुसऱ्या शिक्षिका वर्षा मॅडम. त्यांची पोरगी पाच महिन्यांची, घरी सांभाळायला कुणी नाही. मीच म्हणालो, आणा तिला इथं. पत्र्याखालच्या पाइपाला झोळीही मीच बांधली. पोरं पाढे म्हणत झोका द्यायची — बाराचा पाढा संपला की दुसऱ्याची पाळी. त्या वर्षी बाराचा पाढा चुकणारं पोरगं शोधून सापडलं नसतं. इथं सगळे हसतात. आणि मी थांबतो.

पुढचं मी कधीच कुणाला सांगितलं नाही. परवापर्यंत बायकोलाही नाही.

एक दिवस साहेब तपासणीला आले, न कळवता. नेमकी पोरगी रडायला लागली. साहेबांनी झोळीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. परवानगी कुणी दिली?

उत्तर एका अक्षराचं होतं. मी म्हणालो — मला कल्पना नाही, साहेब.

कल्पना नाही? मग झोळी काय आपोआप बांधली गेली होती? मॅडमनी एकदा माझ्याकडं पाहिलं. “चुकलं माझं, साहेब,” म्हणाल्या, आणि पोरीला उचललं. गाठ मी सोडली — साहेबांसमोर, फार तत्परतेनं. नोटीस मॅडमच्या नावानं आली. तिच्यावर त्यांची सहीसुद्धा मीच घेतली.

दुसऱ्या दिवसापासून पोरगी युसूफ वडगावला, आजीकडं. मधल्या सुट्टीत मॅडम दार लावून बसायच्या. बाहेर यायच्या तेव्हा पदर छातीशी घट्ट लपेटलेला असायचा. मी पेपर वाचायचो — वाचत काय होतो, देव जाणे.

वर्षभर त्या शेजारच्या वर्गात होत्या. मधे एक भिंत. माफी मागितली नाही. मग त्यांची बदली झाली. मी भ्यालो होतो — याला दुसरं नाव नाही.

परवा सून आत गेल्यावर बायकोला हे सगळं सांगितलं. ती झोळीची गाठ नव्यानं मारत होती. हात थांबले.

मग म्हणाली, “मंग त्या लेकराला दिवसभर पाजलं कुणी?”